नववी बैठक

पत्र मराठीतच होतं, पण मला ते तीनदा वाचावं लागलं.

‘सुधारित उपचार पद्धतीमुळे रुग्ण-आरोपी निवास भीमराव भंडारे यांचा उपचार कालावधी चोवीस महिन्यांवरून नऊ आठवडे करण्यात आला आहे. सबब विसाव्या महिन्यात नियोजित असलेली पीडित कुटुंबाशी समोरासमोर भेट कार्यक्रमातून वगळण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

मी काही सहकार्य केलं नव्हतं. मी फक्त थांबलो होतो. कस्तुरीला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि त्या विसाव्या महिन्याची मी भिंतीकडे बघत वाट पाहत होतो.

पत्राखाली नंबर होता. लावला. यंत्राने गोड आवाजात विचारलं, आपण रुग्णाचे नातेवाईक आहात की पीडित? मी म्हटलं, पीडित. ‘काय मदत करू?’ म्हटलं, भेट हवी. ‘भेट-सेवा बंद झाली आहे. आणखी काही मदत करू का?’ म्हटलं, करा. ‘काय मदत हवी?’ म्हटलं, भेट. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा यंत्राने मला शुभ दिवस चिंतला आणि फोन ठेवला.

मी महालिंग तोडकर. मिरजेत बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्वमन होतो. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, लांब दांड्याची चावी लावायची, या गल्लीचं पाणी बंद करून त्या गल्लीचं सोडायचं. आता ते काम सेन्सर करतात. माझी बायको कस्तुरी दवाखान्यांच्या रस्त्यावर भरतेश मगदूम यांच्या मेडिकलात अकरा वर्षं काउंटरला होती. दोनला दुकान भरतेशच्या ताब्यात देऊन घरी यायची आणि आम्ही एकत्र जेवायचो.

त्या दिवशी दीड वाजता भरतेश घरी गेलेला होता. दुकानात ती एकटी. निवास भंडारे आत शिरला. त्याला टिकली पाहिजे होती. टिकली म्हणजे कॅन्सरच्या दुखण्यावरची गोळी, जिभेखाली ठेवायची. चिठ्ठीवाल्याला ती मेडिकलात मिळते, बाकीच्यांना कुठे मिळते ते सगळ्या गावाला माहीत आहे. कस्तुरीने चिठ्ठी मागितली. तो काउंटरवरून आत आला, तिला ढकललं, तिचं डोकं फ्रीजच्या कोपऱ्यावर आपटलं. मग त्याने गोळ्यांचं पाकीट काढलं आणि पळून न जाता तिच्याशेजारी फरशीवर बसला. अकरा मिनिटांनी एक गिऱ्हाईक आलं आणि ओरडलं. दवाखाना समोर असून ती तिथे जिवंत पोचली नाही.

ही अकरा मिनिटं कॅमेऱ्यात आहेत. आवाज नाही. कॅमेरा दारावर होता. काउंटरच्या आड तिचे फक्त पाय दिसतात आणि त्याचं तोंड दिसतं. ती बोलत होती. कारण तो ऐकत होता. वाकून कान जवळ नेतो, मान हलवतो, पुन्हा वाकतो, पुन्हा हलवतो. तीन वेळा. आजकाल ओठ वाचणारी यंत्रं आहेत, पण त्यांना ओठ दिसावे लागतात.

पोलिसांना त्याने सांगितलं, काही आठवत नाही. कोर्टात त्याच्या वकिलाने त्याला तोंड उघडू दिलं नाही. मग शिक्षेऐवजी सक्तीचा उपचार असा निकाल झाला आणि त्याला वाघमाळच्या न्याय-मनोरुग्णालयात पाठवलं. तेव्हा मला कागदावर लिहून दिलं होतं की विसाव्या महिन्यात माझी आणि त्याची भेट होईल, आणि त्या भेटीत मी विचारलेल्या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावं लागेल. माझा प्रश्न एकच होता. ती काय बोलली.

*

वाघमाळला एसटीने तास लागतो. रुग्णालय माळावर आहे, सावलीला एक झाड नाही. गेटवर माझं बोट, डोळा आणि आधार घेतलं, तरी रखवालदाराने विचारलं, “कोण तुम्ही?” दोन तास बसवून डॉक्टरांकडे सोडलं. डॉ. ऋजुता केळुसकर. पस्तिशीच्या असतील. डोळ्यांखाली काळं होतं.

“काका, पत्र मिळालं ना तुम्हाला?”

“मिळालं म्हणूनच आलो. चोवीस महिन्यांचं काम नऊ आठवड्यांत कसं होतं?”

मला वाटलं, टोलवतील. पण त्यांनी नीट सांगितलं. माणसाच्या अंगातली गोळी दहा-पंधरा दिवसांत निघून जाते. राहतात त्या गोळीच्या आठवणी. ठरावीक गल्ली, ठरावीक वास, एखाद्या मित्राची हाक, आणि ओढ उठते. आता आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला कागद नाही. आपण ती काढतो तेव्हा ती कच्ची होते, पाच-सहा तास कच्ची राहते आणि मग मेंदू ती पुन्हा पक्की करून ठेवतो. हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. नवीन आहे ते औषध. त्या पाच-सहा तासांत दिलं की पक्कं करायचं काम होतच नाही.

“पाइपचा जॉइंट ओला असताना हलवला तर पुन्हा धरत नाही,” मी म्हटलं.

“अगदी तसंच. आणि आम्ही तो मुद्दाम ओला करतो.” त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. “डोक्यावर ही टोपी बसते. ओढ किती आहे ते शंभरातल्या आकड्यात दिसतं. निवासच्या ज्या आठवणींवर आकडा उसळतो अशा नऊ सापडल्या. आठवड्याला एक बैठक, एका बैठकीत एक आठवण. सगळं झाल्यावर आकडा वीसच्या खाली आला की तो सुटला.”

“आणि नववी कोणती?”

“ते मला सांगता येत नाही.”

“मेडिकलातली?”

त्यांनी टेबलावरचा पेन उचलून दुसरीकडे ठेवला. “तो तिथे बसून गोळ्या चघळत होता, काका. फुटेज तुम्ही बघितलंय. आयुष्यातला सगळ्यात मोठा डोस त्याने त्या अकरा मिनिटांत घेतला. ती आठवण ठेवून बाकीच्या आठ काढल्या तर काही उपयोग नाही.”

“म्हणजे ती काय बोलली तेही जाणार.”

“घडलं एवढं त्याला माहीत राहील. पेपरात वाचल्यासारखं. बाकी जाईल.”

मी विचारलं, बैठकीत नेमकं काय करतात. त्या म्हणाल्या, आधी उजळणी. रुग्णाने ती आठवण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने बोलून दाखवायची, तरच ती पुरती ओली होते. ऐकायला डॉक्टर आणि एक परिचारक.

“त्याचं रेकॉर्डिंग?”

“कायद्याने बंदी आहे. नाहीतर त्याचं बोलणं त्याच्याच विरुद्ध वापरता येईल. आम्हालाही बाहेर एक शब्द सांगता येत नाही.”

“म्हणजे माझी बायको शेवटचं काय बोलली ते तुम्हाला कळणार. तुमच्या परिचारकाला कळणार. मला कळणार नाही.”

“हो,” त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगतो.

“त्याआधी अर्धा तास भेट घालून द्या.”

“ते समितीच्या हातात आहे. समिती तीन महिन्यांनी बसते.”

“तोवर नऊ आठवडे संपतील.”

“संपतील. काका, माझ्याकडे चाळीस खाटा आहेत आणि तुरुंगात सहाशे माणसं रांगेत. जुन्या पद्धतीत दोन वर्षं ठेवून दहातले सहा वर्षाच्या आत पुन्हा गोळीवर जायचे. आता एक जातो. त्या सहांतला प्रत्येक जण कुठल्या तरी मेडिकलात शिरणार असतो.”

त्या खरं बोलत होत्या आणि त्याचाच जास्त राग आला. बाहेर येऊन एसटीची वाट बघत उन्हात उभा राहिलो. पहिल्या दोन बैठका तेव्हा होऊन गेल्या होत्या.

*

कोर्टात मोफत सल्ल्याची खिडकी असते. तिथला कारकून तोंडात सुपारी धरून बोलत होता. त्याने सांगितलं, पीडिताला हरकत घेता येते. हरकत मंजूर झाली की उपचार साठ दिवस थांबतात.

मी एका ओळीत अर्ज लिहिला. त्याने वाचून परत सरकवला.

“मामा, असं चालत नाही. नुसतं ‘भेट हवी’ म्हटलं तर साहेब फेकून देणार. तपशील लिवा. काय माहिती पाहिजे, का पाहिजे, तुमचा अंदाज काय. भरघोस लिवा. साहेब अर्जाचं वजन बघतात.”

“अंदाज कशाचा लिहू?”

“बाई काय बोलल्या असतील त्याचा. त्याशिवाय माहिती महत्त्वाची आहे हे त्यांना कसं पटणार?”

मी घरी येऊन तीन दिवस लिहीत बसलो. मला लिहायची सवय नाही. कामावर असताना नोंदवहीत वेळ आणि गल्लीचं नाव, एवढंच लिहायचो. पण एकदा सुरू झालं आणि थांबेना. चार पानं झाली. त्या दिवशी मी ताट वाढून बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली असेल की ह्यांना सांग, माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या. म्हणाली असेल की बीपीची गोळी चुकवू नका. म्हणाली असेल की हुबळीला पोरीला एकदम कळवू नका, ती सात महिन्यांची गरोदर आहे. म्हणाली असेल की लोखंडी कपाटाची किल्ली खिडकीच्या फळीवर आहे, पेन्शनचे कागद त्यात आहेत. असं बरंच. सव्वा वर्षात जे जे मनात आलं ते सगळं उतरवलं. शेवटी लिहिलं की यातलं काही असेल किंवा यातलं काहीच नसेल, पण जे असेल ते माझं आहे आणि ते मला मिळावं.

कारकुनाने पानं हातात तोलून बघितली. “आता बघा. वजन आहे.” मग शिक्के मारले. तीन प्रती. एक कोर्टाला, एक रुग्णालयाला, एक विरुद्ध पार्टीला.

निकालाला पाच आठवडे लागले. मी रोज खिडकीवर जायचो आणि तो रोज म्हणायचा, “फिरतोय मामा, अर्ज फिरतोय.” नवव्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी स्थगिती आली. साठ दिवस. मी पेढे वाटले नाहीत, पण घरी येऊन पहिल्यांदा पोटभर जेवलो. समिती साठ दिवसांच्या आत बसणार होती. भेट होणार होती.

*

तीन आठवड्यांनी सकाळी एक बाई दारात आली. पायात रबरी चपला, पदर डोक्यावर.

“दादा, मी निवासची आई. हौसाबाई.”

“ओळखलं. कोर्टात बघितलंय.”

“आत घेणार नसाल तर हितंच पायरीवर बसते.”

“बसा.”

ती बसली. मी दारात उभा राहिलो. पाणी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

“आठ झाल्या त्याच्या,” ती म्हणाली. “एकच ऱ्हायली ती तुमी अडवलीसा. डाक्टरीण म्हणती, आठ गेल्या तवा सगळी वढ त्या एकीवर यून बसलीया. त्याला दुसरं काय उरलंच न्हाई. दिवसभर त्योच दिवस बोलालाय. भितीकडं तोंड करून. जेवताना बी बोलालाय.”

“काय बोलतोय?”

“मला काय ऐकू येतंय? मधी काच असती.”

“तुमचं बरं आहे, बाई. तुमच्या पोराला नवीन डोकं मिळणार.”

“मिळू द्या की. जुन्यानं काय केलं ते तुमी बघितलंसाच.”

ती चपलेचा अंगठा ठीक करत राहिली.

“मी माफी मागायला आली न्हाई. माझ्या माफीनं तुमचं काय हुतंय? पर ही एक तशीच ऱ्हाऊन उद्या त्यो भाईर पडला तर त्यो नीट गावात मेडिकलाफुडं जाऊन हुबा ऱ्हाणार. मग मी कुणाच्या दारात जाऊन बसू, ते सांगा.”

“माझं एवढंच म्हणणं आहे, एकदा सांगू दे. मग खुशाल घ्या त्याला बैठकीला.”

“मग इचारा जाऊन.”

“विचारू देत नाहीत, बाई. तेच तर चाललंय.”

“दोगं बी खुळ्यावानी भाईर बसलोय म्हणा की,” ती म्हणाली आणि उठून गेली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आवाज घाईचा होता. “काका, त्याचा आकडा त्र्याऐंशीवर गेलाय. सुरुवातीला एकोणसत्तर होता. मी समितीच्या अध्यक्षांना घरी जाऊन भेटले. तुम्हाला उद्या दुपारी अर्धा तास दिलाय. पण एक आहे. औषध परवा सकाळचं आहे, नंतर महिनाभर मिळत नाही. भेट झाली की त्याच दिवशी पाचच्या आत मला सांगायचं, हरकत मागे घेता की नाही.”

“माझं उत्तर मिळालं तर लगेच घेतो.”

“या तुम्ही,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

*

खोलीत टेबल जमिनीला बोल्ट केलेलं होतं. निवासला आणून बसवलं. टोपीसाठी डोकं भादरलेलं. कोर्टात होता त्याच्या निम्मा झाला होता. डॉक्टर कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या.

मी काही विचारायच्या आधीच त्याने सुरुवात केली. हात टेबलावर सपाट ठेवले आणि शाळेतल्या पाठांतरासारखं बोलू लागला.

“मामा, त्या म्हणाल्या, ह्यांना सांग, माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या.”

मी डोळे मिटले. सव्वा वर्ष, दीड वर्ष, जितकं झालं होतं ते सगळं त्या क्षणी उतरल्यासारखं वाटलं. मला माहीतच होतं, ती हेच म्हणाली असणार.

“मग म्हणाल्या, बीपीची गोळी चुकवू नका. मग म्हणाल्या, हुबळीला पोरीला एकदम कळवू नका, ती सात महिन्यांची गरोदर आहे. मग म्हणाल्या, लोखंडी कपाटाची किल्ली खिडकीच्या फळीवर आहे, पेन्शनचे कागद त्यात आहेत.”

मी डोळे उघडले.

कस्तुरीच्या काळात किल्ली खिडकीच्या फळीवर कधीच नव्हती. ती कमरेला लावायची, चांदीच्या आकड्यात. त्या दिवशीही तिच्या कमरेला होती. पोलिसांनी अकराव्या दिवशी पाकिटातून मला परत दिली, आणि कुठे ठेवावी ते सुचेना म्हणून मी ती फळीवर ठेवली. अर्ज लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फळीच होती. मी चुकून तसं लिहिलं होतं. ती जिवंत असताना जी गोष्ट खरीच नव्हती ती ती त्याला कशी सांगेल?

“तुला माझा अर्ज दाखवला होता?” मी विचारलं.

“वकिलानं वाचून दाखवला. मग प्रत माझ्यापाशीच ठेवली. रोज वाचतोय. लई चांगलं लिवलंय मामा तुमी.”

“मग हे माझं आहे. तिचं नाही.”

“न्हाई मामा. शप्पत. मला ऐकू येतंय त्यांच्या आवाजात.”

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला ते स्पष्ट दिसत होतं. मी डॉक्टरांकडे वळलो.

“तुम्हाला माहीत होतं?”

“अंदाज होता,” त्या म्हणाल्या. “त्याने ती आठवण रोज शंभर वेळा काढली, काका. आमच्या औषधाशिवाय. प्रत्येक वेळी कच्ची झाली आणि प्रत्येक वेळी जे हाताशी होतं ते मिसळून पक्की झाली.”

हे मला कळायला हवं होतं. जॉइंट ओला असताना उघडा ठेवला तर त्यात माती जाते, मग तो माती धरूनच घट्ट होतो. बत्तीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो. इथे जॉइंट उघडा ठेवायला मीच लावलं, आणि मातीही मीच चार पानं भरून पाठवली, तीन प्रतींत, शिक्के मारून. नऊ आठवड्यांच्या उपचाराने तिचे शब्द गेले असते. माझ्या स्थगितीने ते जागेवर राहून नासले.

“किती वेळ राहिला?” मी विचारलं.

“आठ मिनिटं.”

आता विचारण्यासारखं काही नव्हतं. जे विचारीन ते त्याच्या डोक्यात जाऊन पडेल आणि तो मला तेच परत देईल. तो आशेने माझ्याकडे बघत होता. मी आणखी मागावं म्हणजे तो आणखी देईल, असं त्याचं तोंड होतं. मला त्याला मारावंसं वाटलं. मग वेगळंच विचारलं.

“फोन का केला नाहीस? दवाखाना समोर होता.”

“तोंडात टिकली होती, मामा.” तो खाली बघून म्हणाला. “मग काय वाटंनासं हुतंय.”

हे पाठ केलेलं नव्हतं. अर्जात असं काही नव्हतं.

फुटेजमध्ये एक जागा आहे जी मी कधी नीट बघितली नाही. तो उठतो, कॅमेऱ्याच्या बाहेर जातो, अर्ध्या मिनिटाने परत येतो. सरकारी वकील म्हणाले होते, गल्ला बघायला गेला. ते ऐकल्यापासून तेवढा भाग मी पुढे ढकलायचो. बघवायचा नाही. अर्जातही त्याचं नाव घेतलं नव्हतं.

“तू मध्येच उठलास,” मी म्हटलं. “कुठे गेलास?”

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. हात टेबलावरून मांडीवर गेले. आवाज बदलला, बारीक झाला.

“पंखा,” तो म्हणाला. “त्या म्हणाल्या, गार लागालंय, पंखा बंद कर. मी बोर्डापाशी गेलो. बटनं लई हुती. मी एक दाबलं. त्या म्हणाल्या, ते न्हवं. खालनं तिसरं.”

“मग?”

“मग झाला बंद.”

“मग काय म्हणाली?”

“काय न्हाई. बरं, म्हणाल्या.”

“बरं?”

“व्हय. बरं.” त्याचे हात पुन्हा टेबलावर आले, सपाट झाले, आणि तो म्हणाला, “मग म्हणाल्या, लोखंडी कपाटाची किल्ली...”

“पुरे,” मी म्हटलं. “बोलू नकोस आता.”

डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, काय ठरवलं. मी म्हटलं, पाचपर्यंत वेळ आहे ना? पाचच्या आत सांगतो.

*

एसटी मिरजेत पोचायला चार वाजले. ती गेल्यापासून मी त्या मेडिकलात पाऊल ठेवलं नव्हतं. औषधंही लांबच्या दुकानातून आणायचो. भरतेश काउंटरला होता. मला बघून उभा राहिला.

“या काका. बसा. पाणी आणू?”

“नको. तुझा विजेचा बोर्ड कुठे आहे?”

“बोर्ड? आत, फ्रीजच्या बाजूला. का?”

“बदललास का नंतर?”

“बदलायचा बदलायचा म्हणतोय. तोच आहे अजून.”

मी फळी उचलून काउंटरच्या आत गेलो. भरतेशने अडवलं नाही. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. एक म्हातारा, एक पोटुशी बाई आणि तिचा नवरा. बोर्ड भिंतीवर उभा होता. एकाखाली एक सात बटणं, काळी पडलेली, कुठल्याही बटणावर काही लिहिलेलं नाही. बाहेरचा माणूस गोंधळेल असाच. अकरा वर्षं रोज दाबणाऱ्यालाच माहीत असणार.

मी खालून मोजलं. एक, दोन, तीन. दाबलं.

डोक्यावरचा पंखा दोन-चार फेरे फिरत राहिला, हळू झाला आणि थांबला.

“ओ, पंखा का घालवला?” म्हातारा म्हणाला. “मरालोय उकाड्यानं.”

मी तिथेच फ्रीजला टेकून उभा राहिलो. तिने माझ्यासाठी काही निरोप ठेवला नव्हता. निदान निवासजवळ तरी तो आता उरला नव्हता. तिला गार वाटत होतं. तिने पंखा बंद करायला सांगितला, तो बंद झाला आणि ती बरं म्हणाली. चार पानांत हे मला सुचलं नव्हतं. मी सगळं माझ्यापुरतं लिहिलं होतं, माझं जेवण, माझी गोळी, माझे कागद. ती फरशीवर पडली होती, तिला थंडी वाजत होती, हे मी एकदाही लिहिलं नाही.

खिशातून फोन काढला. पावणेपाच झाले होते.

“डॉक्टर, तोडकर बोलतोय. घ्या त्याला उद्या.”

“हरकत मागे?”

“मागे. तोंडी चालतंय का, की तीन प्रती पाहिजेत?”

“चालतं. हे रेकॉर्ड होतंय. काका, उद्यानंतर त्याला काही विचारता येणार नाही. तुम्ही परत याल आणि तो तुम्हाला ओळखेल, बस एवढंच.”

“नाही येणार. आणि मी त्याला माफ केलेलं नाही, तेही रेकॉर्ड करा. त्याच्या आईला मात्र लगेच कळवा. ती वाट बघत बसली असेल.”

फोन ठेवला. भरतेश माझ्या शेजारी येऊन उभा होता. त्याने बोर्डाकडे हात नेला आणि म्हणाला, “लावू का काका? चाळीस डिग्री आहे बाहेर.”

“थोडा वेळ राहू दे.”

त्याने हात मागे घेतला. म्हातारा कुरकुरत चिठ्ठीने वारा घेऊ लागला. भरतेश त्याला म्हणाला, “थांबा आजोबा, जरा थांबा,” आणि त्याची चिठ्ठी मागून घेऊन औषधं काढायला लागला.